दोन फाइली, एकच गोळी

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी तीस वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरी करते. नववीत असताना पहिली फिट आली. त्याच्या आधीपासून सकाळी उठलं की हाताला झटके बसायचे, चहाचा कप पडायचा आणि आई ओरडायची. तेव्हापासून व्हॅल्प्रोएटची गोळी चालू आहे. चोविसाव्या वर्षी पुण्यात नोकरीला असताना काही महिने फार उदास गेले आणि मग एकदम उलटं झालं. झोप नाही, थकवा नाही, रात्र रात्र फोन, उसने पैसे घेऊन सुरू केलेला धंदा. शेवटी भावाने दवाखान्यात नेलं. तिथे बायपोलर असल्याचं कळलं, म्हणजे मन कधी खोल उतरतं तर कधी बेफाम चढतं असा आजार. डॉक्टरांनी तीच गोळी वाढवली आणि रात्रीची क्वेटियापिन जोडली. लग्नाला तीन वर्षं झाली. लग्न ठरताना फिटचं सांगितलं होतं, दुसरं सांगितलं नाही. रात्रीची गोळी झोपेची आहे असं यांना वाटतं. ती आई पुण्याहून कुरियरने पाठवते. पुण्याच्या डॉक्टरांना मी दीड वर्ष भेटलेले नाही. साताऱ्याचे न्यूरोचे डॉक्टर म्हणाले, चार वर्षं फिट नाही, मूल हवं असेल तर फिटची गोळी हळूहळू कमी करू. त्यांना बायपोलरचं माहीत नाही. सासूबाई सारखं विचारतात. आई म्हणते, त्या आजाराचं नाव काढू नकोस, संसार मोडेल. महिनाभर मी अधूनमधून संध्याकाळची फिटची गोळी घेतच नाही. फिट हा शरीराचा आजार, तो लोकांना समजतो. दुसरं माझ्या स्वभावातच आहे, ते मी आवरेन. गोळी सोडली तर सगळेच प्रश्न सुटतील ना? की यांना सांगू? यांचा स्वभाव चांगला आहे. फिटसाठीचा नाकात मारायचा स्प्रे यांनी आपल्या गाडीच्या डिकीत कायमचा ठेवलाय.

उत्तर:

आधी संध्याकाळच्या गोळीचं बोलू. बाकीच्या गोष्टी चार दिवस थांबल्या तरी चालतील. आजपासून एकही डोस चुकवू नका. व्हॅल्प्रोएट एकाएकी सोडलं किंवा घेण्यात खंड पडला की फिट परत येऊ शकते. अशी फिट कधी कधी थांबता थांबत नाही, एकामागून एक येत राहते आणि माणसाला अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. चार वर्षं फिट आली नाही याचा अर्थ आजार गेला असा तुम्ही घेतलाय. ही चार वर्षं गोळीने दिलेली असण्याची शक्यताच जास्त आहे.

पाळी लांबली असेल, थोडी जरी शंका असेल, तरी उद्या सकाळी घरीच लघवीची तपासणी करा. दिवस गेलेले असले तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. त्याच दिवशी न्यूरोच्या डॉक्टरांना फोन करायचा. दिवस गेलेले नसतील, तर औषधाचा बदल पूर्ण होईपर्यंत गर्भ राहणार नाही याची पक्की सोय करा. ही सोय कोणती, तेही डॉक्टरांना विचारून ठरवा. कार्बामॅझेपिनसारख्या फिटच्या काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उलट नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण उतरतं. तांबीला अशी कुठलीच अडचण येत नाही.

आता न्यूरोच्या डॉक्टरांचं. मूल हवं असेल तर ही गोळी बदलायला हवी, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते नीट समजून घ्या. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू राहिलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात मोठं व्यंग आढळतं. पाठीच्या कण्याचं, हृदयाचं किंवा दुभंगलेल्या टाळूचं. शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी दिसतात. डोस जितका जास्त तितका धोका जास्त, आणि तुमचा डोस तर पुण्यात वाढवलेला आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये यासाठी कडक नियम केले, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना हे औषध सुरू करू नये असं सांगितलं. बाळाचा कणा गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच घडतो. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत ते दिवस सरलेले असतात. म्हणून बदल आधी व्हायला हवा, दिवस राहिल्यानंतर नाही.

पण तुमच्या डॉक्टरांसमोर तुमची निम्मीच हकीकत आहे. ते फिटची गोळी कमी करायला निघालेत. त्याच गोळीवर तुमचं मनही उभं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. एकाच खांबावर घराच्या दोन्हीकडचं छप्पर टेकलेलं असावं, तशी तुमची ही गोळी आहे. एका बाजूचा विचार करून खांब काढला तर दुसरी बाजू कधी खाली येईल याचा नेम नाही. व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपिन आणि लॅमोट्रिजिन, तिन्ही औषधं आधी अपस्मारासाठी, म्हणजे फिटच्या आजारासाठी, वापरात आली आणि पुढे बायपोलरमध्येही उपयोगी ठरली. त्यामुळे तुमच्यासारख्या रुग्णांना एकच गोळी दोन्हीकडे पुरते. ही सोय मोठी आहे, पण तिचं दुहेरी काम दोन्ही डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

पर्याय नाहीत असं नाही. पण प्रत्येकाला दुसरी बाजू आहे, आणि ती नेमकी तुमच्या लपवलेल्या फाइलीत आहे. लेव्हेटिरॅसिटॅम हे फिटचं औषध गरोदरपणात व्हॅल्प्रोएटपेक्षा बरंच सुरक्षित आहे. मात्र त्याने काही जणांची चिडचिड वाढते, मन खालावतं, क्वचित भ्रमही होतात. बायपोलर असलेल्या रुग्णाला ते द्यायचं तर डॉक्टर जास्त जपून देतील, पहिल्या काही आठवड्यांत वारंवार बोलावतील. ही काळजी घ्यायला त्यांना आजार माहीत तर हवा. लॅमोट्रिजिनही बाळासाठी तुलनेने सुरक्षित आहे आणि बायपोलरमधलं नैराश्य परत येऊ नये म्हणून वापरतात, पण उन्मादाला, म्हणजे मनाच्या बेफाम चढण्याला, आवर घालण्यात ते व्हॅल्प्रोएटइतकं जोरकस नाही. ते आठवड्या-आठवड्यांनी थोडं थोडं वाढवावं लागतं. घाईने वाढवलं तर अंगावर धोकादायक पुरळ उठू शकतं. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर रक्तातलं लॅमोट्रिजिनचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, म्हणून आणखी सावकाश जावं लागतं. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कार्बामॅझेपिनने काही प्रकारच्या फिट्स उलट वाढतात. लिथियम मनासाठी उत्तम, पण ते फिटसाठी नाही, आणि त्यात रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासत राहावं लागतं.

यातलं तुम्हाला कोणतं चालेल हे मी सांगू शकत नाही. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. इतके तपशील एवढ्यासाठी दिले की तुमच्यासाठीचा निर्णय निम्मी माहिती असलेल्या एका डॉक्टराने घेण्यासारखा नाही, हे तुम्हाला दिसावं.

आणखी एक. सकाळी हाताला झटके यायचे, कप पडायचा, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. ते न्यूरोच्या डॉक्टरांना कधी सांगितलंय का? किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकारात असे झटके सकाळी येतात, जागरणाने वाढतात, आणि वर्षानुवर्षं फिट नसली तरी औषध थांबवल्यावर आजार परत येण्याचं प्रमाण त्यात बरंच असतं. कुठली औषधं चालतील, कुठली नाहीत, हेही प्रकारावर ठरतं. तुमचा प्रकार तोच आहे असा माझा दावा नाही. डॉक्टरांना एवढं विचारा, माझ्या अपस्माराच्या प्रकाराचं नाव काय? ते कागदावर लिहून घ्या. कित्येकांना पंधरा-पंधरा वर्षं गोळी घेऊनही हे नाव ठाऊक नसतं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि स्वतः जा. आईच्या फोनवर आणि जुन्या चिठ्ठीवर दीड वर्ष चाललेला उपचार, हा उपचार नव्हे. त्यांच्याकडून एक पानाचा सारांश मागून घ्या. त्यात आजाराचं नाव, कधी कधी बिघडलं, कोणती औषधं दिली, कोणत्या औषधाने त्रास झाला, आत्ताचे डोस, एवढं यावं. तो कागद साताऱ्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, तुम्ही दोघं एकमेकांशी फोनवर बोला, मग माझं औषध ठरवा. असं सांगायला संकोच वाटतो हे मी जाणते. आपल्याकडे पेशंटने डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरशी बोलायला सांगणं उद्धटपणाचं वाटतं. तरी सांगा. चांगले डॉक्टर बोलतात. नाहीच जमलं, तर मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात मेंदूविकार आणि मनोविकार असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, तिथे एक केसपेपर काढून दोन्हीकडे दाखवता येतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सुरुवातीपासून यात घ्या. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू करायचं असतं, ते किती घ्यायचं हे त्या सांगतील.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सोडवत नाही. "फिट हा शरीराचा आजार, दुसरं माझ्या स्वभावातच आहे."

हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या महिन्यांत तुम्ही झोपला नाहीत आणि तरी थकला नाहीत. असं कुणाच्याही स्वभावाने होत नाही. फिटच्या वेळी हात तुमच्या ताब्यात नव्हता म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत नाही. मग पैसे उधळणारं, रात्रभर बोलणारं, सगळं जग जिंकायला निघालेलं ते मन तरी तुमच्या ताब्यात कुठे होतं? दोन्ही आजार एकाच मेंदूतले आहेत. आपल्या जुन्या वैद्यांनी हे शेजारपण फार पूर्वी ओळखलं होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उन्मादाचा नववा अध्याय आणि अपस्माराचा लगेच दहावा. आजचं वैद्यकही सांगतं की अपस्मार असलेल्या लोकांमध्ये मनाचे आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात. त्या वेळच्या उसन्या पैशांची, भावाला झालेल्या त्रासाची लाज तुम्ही अजून वाहताय असं पत्रातून जाणवतं. भावाला "तेव्हा तू आलास म्हणून मी वाचले" असं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण तो गुन्हा समजून आयुष्यभर झाकत बसू नका.

"मी आवरेन" यातही मोठा धोका आहे. उन्माद चढू लागतो तेव्हा माणसाला बरंच वाटत असतं, कधी नव्हे इतकं बरं. आवरायला हवं हे कळणारा भागच तेव्हा आजाराच्या हातात असतो. चढणारा उन्माद बाहेरच्या माणसाला आधी दिसतो. तुमच्या घरात हे ओळखू शकेल असं आज कुणीच नाही, कारण काय ओळखायचं हेच कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून नवऱ्याला सांगावं असं माझं मत आहे. जपून, पण सांगावं.

तुमच्या आईचा राग करू नका. तिने तुम्हाला दवाखान्यात पाहिलंय आणि मग मांडवातही. तिला वाटतं की तिने तोंड बंद ठेवलं म्हणून तुमचं घर उभं राहिलं. पण तीन वर्षांत तुमचं घर उभं राहिलंय ते औषधांवर, तुमच्या नोकरीवर आणि त्या माणसाच्या स्वभावावर. फिट आली तर हाताशी असावा म्हणून जो माणूस स्प्रे सोबत बाळगतो, तो दुसऱ्या आजाराचं नाव ऐकून पळून जाईल हे आईने आणि तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. त्यांना विचारलेलं नाही. (तो स्प्रे डिकीत ठेवू नका. उन्हात डिकी तापते, औषध खराब होतं. एक घरात ठेवा, एक तुमच्या पर्समध्ये.)

कायद्याची भीती आईच्या मनात असणार, कदाचित तुमच्याही. ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालंय असं धरून सांगते. अपस्मार हा एके काळी लग्नाच्या अटींमध्ये अडसर होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. मानसिक आजाराचा उल्लेख कायद्यात अजून आहे, पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. तो किती तीव्र आहे, एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका आहे का, हे पाहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे स्पष्ट केलंय. नोकरी सांभाळणारी, औषध घेणारी, बरी असणारी बाई त्यात सहजासहजी बसत नाही. लग्नाच्या वेळी महत्त्वाची गोष्ट लपवली, या कारणावर लग्न रद्द करून मागता येतं, हेही खरं. पण लपवलेलं कळल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर नवरा राजीखुशीने सोबत राहिला तर तो मार्ग बंद होतो. म्हणजे सांगण्यात जोखीम आहे. न सांगता एखाद्या दिवशी केमिस्टकडून, नातेवाइकाकडून किंवा पुन्हा बिघडल्यावर दवाखान्यातून कळण्यात ती कितीतरी मोठी आहे. मनात धाकधूक असेल तर आधी वकिलाशी बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो.

सांगायचं ते फक्त नवऱ्याला, तेही घरात सगळे झोपल्यावर कुजबुजत नाही. रविवारी कुठे बाहेर जाल तेव्हा, दोघंच असताना. पुण्याच्या डॉक्टरांना भेटून आल्यानंतर सांगितलंत तर हातात काही ठोस असेल. शब्द साधे ठेवा. "तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. लग्नाआधी मला पुण्यात दवाखान्यात दाखल केलं होतं. बायपोलर नावाचा आजार आहे. रात्रीची गोळी त्याची आहे, झोपेची नाही. औषधावर मी बरी आहे, हे तुम्ही तीन वर्षं बघताय. आता मुलासाठी औषध बदलायचंय, आणि ते तुम्हाला अंधारात ठेवून करणं मला बरोबर वाटत नाही." एवढंच. आईने सांगू दिलं नाही, हे त्यात आणू नका. ते चिडतील, कदाचित दोन-चार दिवस बोलणार नाहीत. त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे, ते लगेच पुसायला जाऊ नका. राग ओसरला की एकच मागणी करा, "पुढच्या वेळी डॉक्टरांकडे माझ्यासोबत चला, तुमचे प्रश्न तुम्हीच विचारा." आजाराबद्दल बायकोने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, यात आपल्याकडे फार फरक पडतो.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या ताईच्या घरी मारहाण होत असेल, हाकलून देण्याच्या धमक्या मिळत असतील, तर तिला मी हे सांगणार नाही. तिने आधी माहेरच्या विश्वासू माणसाला, वकिलाला, डॉक्टरांना सोबत घ्यावं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

सासूबाईंना सगळं सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ते तुम्ही दोघांनी मिळून, सवडीने ठरवा.

आता मुलाचं. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सासूबाई विचारतात हे त्यात आहे, डॉक्टर काय म्हणाले हे आहे, आई काय म्हणते हेही आहे. "मला मूल हवंय" हे वाक्य मात्र कुठेच नाही. ते इतकं उघड वाटलं असेल की लिहायचं राहिलं, असंही असेल. तरी एकदा स्वतःला विचारा. हवं असेल तर दोन्ही आजार असणाऱ्या बायका आई होतात, योग्य तयारीने होतात. नको असेल किंवा आत्ता नको असेल, तर तेही उत्तरच आहे, आणि त्यासाठी आजाराचा आडोसा घ्यायची गरज नाही. मुलाला हे आजार होतील का, ही भीतीही असेल. आईला असल्यावर शक्यता इतरांपेक्षा वाढते हे खरं, पण अशा बहुतेक मुलांना यातला कुठलाच आजार होत नाही.

हवं असेल तर सगळ्यात जास्त तयारी बाळंतपणानंतरच्या आठवड्यांची करा. बायपोलर असलेल्या बाईला तो काळ सगळ्यात नाजूक, आणि त्यातच रात्रीची झोप तुटते. जागरणाने फिटही येते आणि मनही बिघडतं. तुमच्या दोन्ही आजारांचा हा एकच शत्रू आहे. माहेरच्या बाळंतपणाची, सव्वा महिन्याची आपली पद्धत इथे मोठ्या कामाची आहे, फक्त तिचा वापर झोपेसाठी करा. रात्री एका तरी सलग झोपेची व्यवस्था लावा. त्या वेळचं दूध आईने किंवा नवऱ्याने पाजावं. कोणत्या औषधांवर अंगावर पाजता येतं हे आधीच विचारून ठेवा. पुष्कळ औषधांवर पाजता येतं, लिथियमसारख्या काहींच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. बाळाला एकटीने अंघोळ घालू नका, दुपटं बदलायचं तर जमिनीवर अंथरूण घालून बदला. गरोदरपणात लॅमोट्रिजिनसारख्या औषधाची पातळी उतरते, डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा कमी करावा लागतो. ते वेळापत्रक आधी लिहून घ्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार आणि मेंदूविकारांच्या मोठ्या रुग्णालयात मन बिघडलेल्या बाळंतिणीला बाळासह दाखल करून घेणारा वेगळा विभाग आहे. तशी वेळ येऊ नये, पण अशी सोय असते हे ठाऊक असावं.

झोपेची ही शिस्त आजपासूनच लावा. नवरात्रातलं जागरण, लग्नाघरची रात्र, गणपतीतली आरास, यातून "मला डॉक्टरांनी दहाला झोपायला सांगितलंय" म्हणून उठायला शिका. कडक उपवासात गोळीची वेळ चुकते, पाणीही कमी पडतं, तेही नको. मेडिकलवाल्याने नेहमीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीची गोळी हातात ठेवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक वही करा आणि ती नवऱ्यालाही दाखवा. रोज एक ओळ. किती तास झोपले, सकाळी झटके आले का, मन कसं होतं, गोळ्या घेतल्या का, पाळीची तारीख. औषध बदलण्याच्या महिन्यांत ही वही दोन्ही डॉक्टरांना फार उपयोगी पडेल. तिच्या पहिल्या पानावर तुमची स्वतःची धोक्याची लक्षणं लिहा. माझ्या अंदाजाने तुमची अशी असतील: दोन रात्री झोप कमी होऊनही ताजंतवानं वाटणं, एकदम खूप लोकांना फोन करणं, पैशाचे मोठे बेत. उतरणीची वेगळी असतील. ती दिसली की नवऱ्याने काय करायचं, कुणाला फोन करायचा, हेही खाली लिहा. फिट आल्यावर काय करायचं तेही याच पानावर असू द्या: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, डॉक्टरांनी शिकवलाय तसा स्प्रे मारायचा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यायचं. एकामागून एक फिट्स येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी माणूस विचित्र वागू-बोलू लागला, तर ते बायपोलर उसळलंय की फिटचाच परिणाम आहे हे घरी ठरवता येत नाही. लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

औषध बदलताना मरणाचे विचार येऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी सांगा. रात्री-अपरात्री टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तुमच्यासारख्या इतरांसाठीही दोन-तीन गोष्टी इथेच सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुम्ही बऱ्या असताना लिहून ठेवू शकता की पुन्हा बिघडलं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि तुमच्या वतीने कोणी बोलायचं. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांच्याच पायरीवर धरायला सांगितलंय, म्हणून अर्जात आजार लपवू नका. वाहन परवान्याच्या अर्जात फिटबद्दल सरळ प्रश्न असतो, तिथे खोटं लिहू नका. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पुरुषांनीही मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, युरोपात २०२४ पासून पुरुषांनाही सावधगिरीच्या सूचना दिल्या जातात. पुण्यात संवेदना फाउंडेशनचा अपस्मार असलेल्यांसाठी मदतगट आहे. स्वतःच्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलणारी माणसं भेटली की घरी बोलणंही थोडं सोपं जातं.

आणि सासूबाईंनी पुन्हा विचारलं, तर तोवर सांगायला खरं उत्तर तुमच्याकडे आहे: "डॉक्टर आधी औषध बदलणार आहेत. त्याला काही महिने लागतील. तोपर्यंत थांबायला सांगितलंय." पुढचे प्रश्न आले तर ते नवऱ्याकडे जाऊ द्या. तोपर्यंत त्यांनाही सगळं माहीत असेल.